जगाचा नकाशा आणि तंजावरचे सरफोजी राजे

आमच्या धावड्याच्या घरी ओसरीच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा लावलेला आहे. तो कोणी ज्ञानाच्या हौसेने आणला, असे मात्र नाही. त्या भिंतीचे पोपडे सुटत होते आणि घरात पाहुणे येणार होते, म्हणून अप्पांनी भोकरदनच्या बसस्थानकाबाहेर तक्ते विकणाऱ्या माणसाकडून तो विकत घेतला. फळांचा तक्ता स्वस्त होता, पण नकाशा आकाराने मोठा असल्यामुळे सगळे पोपडे झाकले जात होते. मी तेव्हा चौथीत होते.

आई शाळेत गेलेली नाही. नकाशा लावला त्या दिवशी तिने पहिला प्रश्न विचारला की, यात आपले गाव कुठे आहे. मी पुष्कळ शोधले. धावडा नव्हतेच, भोकरदन नव्हते, जालनासुद्धा नव्हते. मुंबईवर बोट ठेवून मी थोडे उजवीकडे सरकवले आणि इथे कुठेतरी, असे सांगितले. तिचा दुसरा प्रश्न निळ्या रंगाविषयी होता. ते सारे पाणी आहे असे मी म्हटल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे पाहत उभी राहिली. ते उन्हाळ्याचे दिवस होते आणि त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. ते पाणी खारे असते, पिता येत नाही, असे समजावून सांगितल्यावरच तिचे समाधान झाले.

तेव्हापासून कानावर नवे नाव पडले की ती मला नकाशापुढे उभी करते. एकदा बाजारातून आलेल्या कोणीतरी सांगितले की अमेरिकेतल्या कापसामुळे आपल्या कापसाचा भाव पडला. आईने अमेरिका दाखवायला लावली. एवढ्या लांबून त्यांचा कापूस आपल्या भावाला कसा काय धक्का देतो, हे मला तेव्हा सांगता आले नाही. खरे म्हणजे अर्थशास्त्र हा विषय मी त्यामुळेच घेतला आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयात तंजावरच्या मराठ्यांविषयीचे एक जुने पुस्तक माझ्या हाती आले. त्यात सरफोजी राजांचे चरित्र होते, आणि या राजांनी जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारे एक मराठी नाटक रचले, अशी माहिती होती. मी ते वाक्य दोनदा वाचले. नकाशा ही इंग्रजांची वस्तू आणि भूगोल हा परीक्षेचा विषय, अशी माझी समजूत होती. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला तो विषय गाऊन सांगण्याजोगा वाटला, या गोष्टीने मी चकित झाले. पुढे मिळेल ते वाचले. त्यातून जुळवलेले हे चरित्र आहे.

तंजावरचे भोसले मूळचे आपल्याच मराठवाड्यातले. वेरूळची पाटीलकी असणारे मालोजीराजे, त्यांचे पुत्र शहाजीराजे. शहाजीराजांचे एक पुत्र शिवाजी महाराज आणि दुसरे, सावत्र पुत्र व्यंकोजी. या व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठच्या तंजावरात मराठी राज्य स्थापन केले. आजूबाजूला तमिळ प्रजा, दरबारात तेलुगू कवी, आणि घरात मराठी, असे ते राज्य होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेथे मराठी नाटके लिहिली. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली नाटक केले ते आपण मराठी नाटकाचा आरंभ म्हणून शिकतो. तंजावरचे नाटक त्याच्या दीडशे वर्षे आधीचे आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते राजाचे पुत्र नव्हते, भोसल्यांच्याच एका दूरच्या शाखेतले होते. तंजावरचे राजे तुळजाजी यांना पोटचा वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनी १७८७ साली मृत्यूच्या थोडे आधी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. त्या वेळी तंजावरात श्वार्त्झ नावाचे एक जर्मन पाद्री राहत होते. ते १७५० साली डॅनिश लोकांच्या तरंगमबाडी या ठाण्यात उतरले होते आणि पुन्हा मायदेशी कधी गेले नाहीत. तमिळ, मराठी, फार्सी त्यांना येत होते. राजाचा त्यांच्यावर एवढा विश्वास होता की दत्तक मुलाची काळजी त्याने या परधर्मीय माणसावर सोपवली.

तुळजाजी वारले आणि भाऊबंदकी सुरू झाली. त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासच्या इंग्रज सरकारने पंडितांचे मत घेतले. दत्तविधान शास्त्राप्रमाणे नाही, असा निवाडा झाला आणि अमरसिंग राजे झाले. (पुढे अकरा वर्षांनी याच दत्तकाला दुसऱ्या पंडितांनी मान्यता दिली. शास्त्र तेच होते, सरकारचा विचार बदलला होता, असे मला वाटते.) सरफोजींना वाड्यात कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. उजेड नाही, शिक्षण नाही, भेटायला कोणी नाही, असे त्या मुलाचे दिवस गेले. श्वार्त्झ यांनी मद्रासला तक्रारी केल्या. अखेर १७९३ साली तुळजाजींच्या विधवा राण्यांसह सरफोजींना मद्रासला हलवले.

माझ्या मते या माणसाचे पुढचे सगळे आयुष्य या दोन जागांनी घडवले. दहा ते पंधरा हे वय अंधाऱ्या खोलीत गेले, आणि पंधरा ते वीस हे वय मद्रासच्या बंदरात गेले. मद्रासला त्यांना गेरिके नावाचे दुसरे जर्मन पाद्री शिकवत. इंग्रजी, गणित, भूगोल असे विषय होते. समोरच्या समुद्रात जहाजे उभी असत आणि ती कोठून आली हे विचारण्याचे स्वातंत्र्य होते. ज्याला वाड्याचा चौकसुद्धा मोकळेपणी पाहायला मिळाला नाही, त्याला एकदम सगळी पृथ्वी कागदावर पाहायला मिळाली, तर तो तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहील? आमच्या वर्गात भूगोलाचा तास म्हणजे डुलकीचा तास असतो, म्हणून मला हे विशेष वाटते.

त्या काळचा नकाशा आजच्यासारखा भरलेला नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सरफोजी जन्मले त्या वर्षी कॅप्टन कुक आपल्या तिसऱ्या सफरीत पॅसिफिक महासागरात हिंडत होता. आफ्रिकेचा किनारा माहीत होता, पण पोटातला भाग बहुतेक कोरा होता. नाईल नदी कोठून निघते ते युरोपातल्या पंडितांना ठाऊक नव्हते. अंटार्क्टिका खंड तर १८२० साली प्रथम माणसाच्या दृष्टीस पडले. म्हणजे सरफोजी शिकत होते तेव्हा जग अजून शोधले जात होते. आम्हाला ते पाठ करण्यासाठी मिळाले.

शिवाय त्यांच्या घरात दुसरा एक भूगोल आधीपासून होता. मध्ये मेरू पर्वत, भोवती जंबुद्वीप, त्याला वेढणारा खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग दुसरे द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र. असे करत करत दारू, तूप, दही, दूध आणि शेवटी गोड पाणी, असे सात समुद्र. पुराणात सांगितलेला हा भूगोल कीर्तनात आपणही ऐकतो. आईला तो नकाशापेक्षा जास्त पसंत आहे, कारण त्यात गोड्या पाण्याचा समुद्र आहे.

१७९८ साली फेब्रुवारीत श्वार्त्झ वारले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमरसिंगांना दूर करून इंग्रजांनी सरफोजींना गादीवर बसवले. गुरूला शिष्य राजा झालेला पाहायला मिळाला नाही. राजांनी नंतर विलायतेतील फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरचे श्वार्त्झ आणि शेजारी उभे असलेले तरुण सरफोजी, असे ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. राजे ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्या देवांची पूजा, दाने, यात्रा सगळे त्यांनी शेवटपर्यंत केले. गुरूचा धर्म न घेता गुरूचे ज्ञान घ्यावे आणि गुरूवरचे प्रेमही लपवू नये, हे त्या काळी सोपे नसावे.

गादीची किंमत मात्र लगेच द्यावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सगळा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला राहिला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलातील पाचवा हिस्सा मिळू लागला. बावीस वर्षांचा राजा, आणि राज्य नाही. कावेरीकाठचा सुपीक मुलूख, ती भाताची शेते, सगळे कंपनीच्या हाती.

येथे माझ्या मैत्रिणीचे आणि माझे भांडण झाले. तिचे मत असे की, ज्यांनी राज्य काढून घेतले त्यांच्याच विद्येत रमणारा राजा हा बाहुलीच होय, त्याचे चरित्र कशासाठी लिहायचे? तिच्या बाजूला एक पुरावाही आहे. तंजावरच्या दक्षिणेला समुद्रकाठी मनोरा नावाची आठ मजली षट्कोनी इमारत आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी ती १८१४-१५ मध्ये बांधली. फ्रान्सचा बादशहा युरोपात हरला, त्याचा आनंद तंजावरकडच्या समुद्रकाठी साजरा झाला, आणि तोही ज्याचे राज्य इंग्रजांनी घेतले त्याच्या पैशाने! मी हे वाचले तेव्हा मलाही वाईट वाटले. नकाशावर फ्रान्स कोठे आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण त्या नकाशात आपण स्वतः कोठे आहोत, हे त्यांनी पाहिले की पाहून न पाहिल्यासारखे केले, हे मला ठरवता येत नाही. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते, एवढे खरे. पेन्शन बंद झाली असती तर पुढे सांगते त्यातले काहीच झाले नसते, हेही खरे. मैत्रिणीला मी निम्मे मान्य केले आहे.

राज्य गेल्यावर राजांना वेळ उरला आणि पैसा उरला. असे पेन्शनर राजे त्या काळी देशात अनेक होते. सरफोजींनी आपला पैसा पुस्तकांवर घातला. तंजावरच्या नायक राजांच्या वेळेपासून वाड्यात पोथ्यांचा संग्रह होता. त्याचे त्यांनी सरस्वती महाल हे मोठे ग्रंथालय केले. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन ग्रंथ मागवले, त्यांची संख्या हजारांवर आहे. अनेक ग्रंथांवर त्यांची इंग्रजीतील सही आहे. वैद्यक, वनस्पती, रसायन, शिल्प, संगीत, आणि नकाशांची पुस्तकेही. जुने छापील नकाशे आजही त्या संग्रहात आहेत. एक पुस्तक मागवायचे म्हणजे पत्र जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायचे आणि पुस्तकही त्याच वाटेने यायचे. सुएझचा कालवा व्हायला अजून पुष्कळ वर्षे होती, तो १८६९ साली सुरू झाला. वर्षभर वाट पाहून पुस्तक हाती येत असेल तेव्हा ते चाळून बाजूला ठेवले जात नसणार.

जे स्वतः शिकले ते त्यांनी वाड्यात कोंडून ठेवले नाही, आणि याच गोष्टीसाठी मला हे चरित्र लिहावेसे वाटले. १८०२ साली मुक्तांबाबाईच्या स्मरणार्थ त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र बांधले. तेथे वाटसरूंना जेवण मिळे आणि मुलांना फुकट शिक्षण मिळे. १८०५ साली तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला. त्यातून १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाले. पुण्यात त्या वेळी पेशवाई चालू होती आणि तेथे छापखाना नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते. धन्वंतरी महाल काढून त्यात वैद्य आणि डॉक्टर यांचे ज्ञान एकत्र केले. डोळ्यांच्या रोग्यांची नोंद चित्रांसह ठेवली, रोगी डोळा कसा दिसतो ते रंगवून घेतले. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मराठी इतिहास कोरून घेतला. तो आपल्या देशातील फार मोठ्या शिलालेखांपैकी एक गणला जातो. वेरूळचे घराणे, आणि त्याची मराठी हकीकत तमिळ देशातल्या चोळांच्या देवळावर! मला कधी तंजावरला जायला मिळाले तर ती भिंत आधी पाहीन.

आता त्या नाटकाकडे वळते. त्याचे नाव ‘देवेंद्र कुरवंजी’.

कुरवंजी हा तमिळ देशातला नाटकाचा एक प्रकार आहे. गाणे, नाच आणि सोंग असे त्याचे रूप असते. त्याची कथा ठरलेली असते. एक नायिका आपल्या प्रियकरासाठी झुरत असते. तेवढ्यात टोपली आणि काठी घेतलेली एक भटकी बाई येते, ती कुरवंजी. ती आधी आपला डोंगर, आपला मुलूख, आपण कोठकोठे हिंडलो ते गाऊन सांगते. मग नायिकेचा हात पाहते, तुझे मनोरथ पूर्ण होतील असे भविष्य सांगते आणि बक्षीस घेते. शेवटी तिला शोधत तिचा फासेपारधी नवरा येतो आणि थोडा विनोद होतो. देवळांच्या उत्सवांत ही नाटके होत. गंमत अशी की, खुद्द सरफोजींना नायक करून लिहिलेले एक तमिळ कुरवंजी नाटकही आहे आणि ते बृहदीश्वराच्या देवळात होत असे.

श्वार्त्झ यांचा आणखी एक शिष्य होता, वेदनायकम शास्त्री. तो तमिळ ख्रिस्ती कवी होता आणि सरफोजींपेक्षा थोडाच मोठा होता. त्याने १८०० साली ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे तमिळ काव्य रचले आणि त्यात ख्रिस्ताच्या कथेबरोबर पृथ्वीचा नवा भूगोल घातला. सरफोजींनी आपले नाटक मराठीत रचले आणि त्यात देव इंद्र घेतला. एकाच गुरूकडून शिकलेल्या दोघांनी, एकाने येशूच्या आणि एकाने देवेंद्राच्या नावाने, तोच धडा गाण्यात बसवला.

सरफोजींच्या नाटकातली कुरवंजी एका डोंगराचे आणि एका नदीचे वर्णन करून थांबत नाही. ती युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशी खंडे सांगते, त्यांतले देश सांगते. मुलूख हिंडलेली बाई मुलूख सांगते, ही जुनी पद्धत त्यांनी तशीच ठेवली आणि तिच्या तोंडी नवा नकाशा दिला. नाटक इंद्राचे, म्हणजे पुराणातले. माहिती छापील पुस्तकातली. पुराण खोटे असे त्यांनी कोठे म्हटले नाही. दहीदुधाच्या समुद्रांशी वाद घालत बसले असते तर पंडित चिडले असते आणि लोकांनी ऐकलेच नसते. त्यांनी नुसते दुसरे गाणे लावले.

मला यात सर्वांत जास्त आवडली ती भूगोल शिकवणाऱ्या पात्राची निवड. राजांच्या पदरी पंडित होते, मद्रासला साहेब होते, शाळांत मास्तर होते. यांपैकी कोणालाही न घेता त्यांनी जगाचा भूगोल एका भटक्या, निरक्षर बाईच्या तोंडी दिला, आणि ऐकणारी कोण, तर महालातून बाहेर न पडलेली राणी. कुरवंजी म्हणजे कुरवर जमातीची स्त्री. आपल्याकडचे कैकाडी याच कुरवर लोकांशी नाते असलेले मानले जातात. त्यांची घरातली बोलीही तमिळशी जवळची आहे. आमच्या गावी कैकाडी बाया टोपल्या, कणग्या घेऊन येत. त्या आल्या की आई आणि शेजारच्या बाया त्यांना बसवून घेत आणि कुठे पाऊस पडला, कुठल्या गावाला काय झाले, ते विचारत. भाव करणे हे निमित्तच असायचे. माझी आई माहेर, सासर, पंढरपूर आणि शेगाव एवढेच गेलेली आहे. तिला दूरच्या गावांची बातमी आधी या बायांकडूनच मिळाली, नकाशा फार नंतर आला. म्हणून ते नाटक मला परके वाटले नाही. पुढे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ पासून तो मद्रास इलाख्यात लागू झाला, आणि या हिंडणाऱ्या लोकांवर जन्मतःच चोर असा शिक्का बसला. पोलिसांकडे हजेरी दिल्याशिवाय त्यांना गाव सोडता येईना. तो शिक्का कायद्याने १९५२ साली निघाला, पण लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही, हे आपण गावात पाहतोच. सरफोजींनी मात्र तिला गुरूच्या जागी उभे केले होते.

हे पुस्तक केवळ वाचण्यासाठी लिहिले असते तर ते शंभर माणसांनीही वाचले नसते. गाणे झाल्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आफ्रिका हे नाव कानावरून तरी गेले. माझ्या आईने अमेरिका कशी शिकली, ते वर सांगितलेच आहे.

एवढे सगळे देश गाण्यात गोवणारा हा राजा स्वतः मात्र कधी समुद्र ओलांडून गेला नाही. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास काशीचा. १८२० मध्ये सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन ते निघाले आणि दोन वर्षांच्या आसपास प्रवासात होते. ठिकठिकाणी स्नान, दान, देवदर्शन झाले. पण त्याबरोबर त्यांनी घाटांची, देवळांची चित्रे काढून घेतली आणि पोथ्यांच्या नकला करवून आणल्या. यात्रेला जाऊन लोक गंगाजळ आणतात, यांनी गंगाजळाबरोबर ग्रंथ आणले. हे मी आईला सांगितले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. तीन हजार माणसे बरोबर होती तर त्यांच्या दोन वर्षांच्या भाकरीची सोय कोणी केली, असे तिने विचारले. पुस्तकांत याचे उत्तर पूर्ण मिळत नाही, पण कंपनीच्या मुलखातून जाण्यासाठी परवाने आणि पत्रव्यवहार पुष्कळ करावा लागला. स्वतःच्या पूर्वजांच्या देशात फिरायला परवानगी लागावी, ही त्या वेळची स्थिती.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. राजांना पाहून ते थक्क झाले, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. रसायन आणि वनस्पतिशास्त्रातल्या युरोपीय पंडितांची नावे राजे सहज घेत होते, आणि घोड्यांचीही त्यांना उत्तम पारख होती. हेबर येथून तिरुचिरापल्लीला गेले आणि तेथेच काही दिवसांत वारले. राजांना श्वार्त्झ यांचीच आठवण झाली असेल.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली वारले, त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा कंपनीने गादीच बंद केली. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी दत्तक चालला नाही, नंतर चालला, आणि आता वारस नाही म्हणून राज्याचे नावही संपले. नव्हे, अडुसष्ट वर्षांपूर्वी. १७८७ ते १८५५ इतकी वर्षे होतात, माझा हिशोब कच्चा आहे. किल्ला, दागिने, हत्ती, घोडे यांचे व्हायचे ते झाले. पोथ्या आणि पुस्तके तेवढी शिल्लक राहिली. १९१८ साली ते ग्रंथालय सर्व लोकांना खुले झाले. त्यात आज सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखिते आहेत, त्यांपैकी तीन हजारांवर मराठी आहेत. तंजावरच्या काही घरांत अजून मराठी बोलली जाते. आपल्याला ती जुन्या वळणाची वाटेल, त्यांना आपली वाटेल.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक सरस्वती महालाने १९५० साली छापले. आमच्या ग्रंथालयात ते नाही. मागणीच्या वहीत मी त्याचे नाव लिहून ठेवले आहे. त्या वहीत माझ्या आधी कोणाची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. पुस्तक आलेच तर आधी ते घरी नेणार आहे. आईने कबूल करून घेतले आहे की, कुरवंजी ज्या क्रमाने देश सांगते त्याच क्रमाने मी नकाशावर बोट ठेवायचे. तंजावर आमच्या नकाशात छापलेले नाही. चेन्नई आहे, त्याच्या खाली मी पेन्सिलीने एक टिंब दिले आहे.